पोत्याखालची कॉफी

आमचा धंदा फुटाण्यांचा. वडील देशावरून आले ते एक कढई आणि दोन झारे घेऊन, आणि डोंबिवली स्टेशनजवळ बाजाराच्या तोंडाशी त्यांनी भट्टी घातली. मी मराठी तिसरीत शाळा सोडली आणि त्यांच्या शेजारी बसलो. तेव्हापासून चणे, शेंगदाणे, कुरमुरे, जोंधळ्याच्या लाह्या, म्हणाल ते भाजलं. वडील गेले तेव्हा मी वीस-एकवीस वर्षांचा असेन. कल्याणपासून ठाण्यापर्यंत माझ्यासारखा फुटाणा मिळत नाही असं लोक म्हणायचे. ज्या दिवशी लोक म्हणायचे नाहीत त्या दिवशी मी म्हणायचो.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते या मस्तीतूनच झालं.

कॉफी आमच्या घरात म्हणजे उपासाची नाहीतर पाहुण्यांची. डब्यातली तयार पूड, दुधात साखर घालून खळाखळा उकळायची आणि वर जायफळ किसायचं. कॉफीने झोप उडते असं लोक म्हणत, ते मला खोटं वाटायचं. आमच्या कॉफीने पाहुणा तक्क्याला टेकला की घोरायलाच लागायचा.

स्वातंत्र्य मिळून तीनेक वर्षं झाली असतील, तेव्हा आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत एक जोडपं राहायला आलं. यजमान कल्याणला रेल्वेच्या कचेरीत कारकून, बोलणं बेताचं. बाई चाळिशी उलटलेल्या, ठेंगण्या, कानांत खड्यांच्या कुड्या. मूलबाळ नव्हतं. माहेर कर्नाटकातल्या डोंगरांत, आणि तिथे त्यांच्या वडिलांची कॉफीची बाग. आम्ही सगळे त्यांना अम्मा म्हणायचो. मला त्या तम्मा म्हणायच्या, म्हणजे त्यांच्या भाषेत धाकटा भाऊ. मराठी त्यांना महिन्याभरात यायला लागलं, तेही आमच्या बायकोकडून, त्यामुळे पहिल्यांदा टोमणेच आले.

दरसाल शिमगा झाला की त्यांच्या वडिलांकडून रेल्वे पार्सलने एक पोतडं यायचं. त्यात कच्ची कॉफी. मी तोवर कॉफीचा दाणा पाहिलेला नव्हता. हिरवट राखाडी रंग, पाकळी झालेल्या शेंगदाण्याएवढा, एका बाजूने सपाट आणि त्या सपाटीवर मधोमध चीर. वास म्हणाल तर सुकलेल्या पेंढ्याचा. मी म्हटलं, यात आहे काय?

अम्मा तो दाणा सुपात घेऊन दारात उजेडाला बसायच्या. एकेक दाणा बघायच्या. काळा दिसला, बाजूला. फुटका, बाजूला. किड्याने टोचलेला, पांढुरका, सुरकुतलेला, सगळे बाजूला. आमची बायको मदतीला बसायची आणि तिने ठेवलेल्यातले निम्मे अम्मा पुन्हा काढून टाकायच्या. मधेच एखादा अख्खा गोल दाणा निघायचा, तो वाटीत वेगळा. मी एकदा म्हणालो, एवढं काय ते, चण्यात चार खडे निघाले तरी गिऱ्हाईक खातंच की. अम्मा मान वर न करता म्हणाल्या, "म्हणून तुझ्या गिऱ्हाइकांना दात कमी."

त्यांना कॉफी भाजताना मी पहिल्यांदा पाहिलं ते अमावस्येला. अमावस्येला आमची भट्टी बंद. मी ओट्यावर राखुंडी लावत बसलेलो आणि वास आला. आधी ओल्या गवतासारखा, मग भाकरीचा, आणि मग असा काही की त्याला माझ्याजवळ नाव नव्हतं. मी जन्मलो तो धुरात. भाजण्याचा कुठलाही वास मला झोपेत ओळखता येतो अशी माझी समजूत. आणि हा वास मला माहीत नव्हता. मी चूळ भरली आणि त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

शेगडीवर लोखंडी कढई, कोळसे बेताचे. अम्मा लाकडी कालथ्याने हलवत होत्या, एका लयीत, आणि डोळे मिटलेले. मला वाटलं डुलकी लागली. म्हणालो, अम्मा, जळेल. त्यांनी डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. डोळे उघडले नाहीत.

मग कढई बोलायला लागली. सुकी काटकी मोडावी तसा एक आवाज, मग दोन, मग सगळीकडून तडतड. लाह्या फुटतात तशी नव्हे, त्याहून दबकी, आतल्या आत. मिनिट-दीड मिनिट चालली आणि विरळ होत थांबली. अम्मांचा हात चालूच. आता कढईत काही आवाज नाही, नुसती दाण्यांची सरसर. वास मात्र क्षणाक्षणाला बदलत होता. आणि मला काहीही वेगळं दिसलं नाही अशा एका घटकेला त्यांनी कढई उचलली, दाणे सुपात ओतले आणि पाखडायला सुरुवात केली. पातळ पापुद्रे उडाले, माझ्या पायांना चिकटले. तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले.

मी विचारलं, कसं कळलं? त्या म्हणाल्या, ऐकलं.

मी हसलो. म्हणालो, अम्मा, मी डोळ्यांनी भाजतो आणि हातांनी. कानांनी माणसं भजन ऐकतात.

त्यांनी एक दाणा अंगठ्याने मोडला आणि माझ्या तळहातावर ठेवला. बाहेर जो रंग तोच आत, अगदी गाभ्यापर्यंत. ज्याने भट्टी केली नाही त्याला यात काय मोठं ते कळायचं नाही. बाहेरून भाजणं कुणालाही येतं. आत-बाहेर एकसारखं भाजलेले शंभरात दहा चणे निघाले तर माझे वडील त्या दिवशी खुशीत असायचे. इथे मी सुपातले पाच-सहा दाणे उचलून मोडले, सगळे तसेच. माझं हसू गेलं. पण तोंडाने काही कबूल केलं नाही.

कॉफी मागितली तर म्हणाल्या, आज नाही, उद्या. आज तिला बसू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं. फळीला आवळलेल्या छोट्या चक्कीत दाणे दळले. पितळेचं दुमजली भांडं, वरच्या मजल्याच्या बुडाला बारीक भोकं. वर पूड, त्यावर उकळतं पाणी, झाकण. आणि मग काहीच करायचं नाही. थेंब पडत राहतात. मी भट्टीवाला, माझ्या हातांना रिकामं बसवत नाही. दोनदा उठून झाकण उघडायला गेलो आणि दोनदा अम्मांनी हातावर चापट मारली. मग म्हशीचं दूध एक उकळी येताच उतरवलं, खालचा काळा अर्क त्यात घातला, जरा साखर, आणि पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात अशी हातभर उंचीवरून धार धरली. थेंब सांडला नाही.

मी प्यालो. काय सांगू? पहिल्यांदा कडू, आणि तो कडूपणा जिभेवरून सरकतो न सरकतो तोच मागून गोडवा, गुळाच्या जवळचा पण गूळ नव्हे. घशाखाली उतरल्यावरही ती संपली नव्हती. नाकात, टाळूला, श्वासात होती. एक दाणा, विस्तव, पाणी. माझ्याजवळही हेच तीन असतात, आणि मी लोकांना काय देत होतो? मी पेला खाली ठेवला, चांगली आहे म्हणालो, आणि भट्टीवर गेलो. त्या दिवशी चणे भाजताना मला चण्यांचाच राग येत होता.

अशी दोन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी अम्मांचे वडील वारले. भावाला बागेत रस नव्हता, त्याने ती विकली आणि शेवटच्या पिकातली दहा शेर कॉफी बहिणीला पाठवून दिली. बरोबर कार्ड होतं, यापुढे पार्सल येणार नाही. अम्मांनी ते पोतडं किती दिवस उघडलंच नाही. आणि त्याच उन्हाळ्यात विहिरीवर शेवाळावरून घसरून त्यांचं उजवं मनगट मोडलं. कल्याणच्या हाडवैद्याने बांधलं, हाड बसलं, पण हात पूर्वीसारखा वळेना. भांडं धरता यायचं, कालथा फिरवता यायचा नाही. आणि कॉफीला कालथा क्षणभरही थांबून चालत नाही.

मी गेलो आणि म्हणालो, अम्मा, द्या इकडे. शेजारी मी असताना भाजण्याची काळजी तुम्ही करायची? मला लाज वाटेल.

 त्या म्हणाल्या, चण्यासारखी कढईत वाळू नको, वाळू चिरेत बसते, चक्की मोडेल. मी म्हटलं, बरं, वाळू नाही. त्या म्हणाल्या, मी भट्टीवर येऊन बसते. मी म्हटलं, तिथे धग असते, हात दुखरा, कशाला? त्यांनी निम्मी कॉफी काढून दिली, पाच शेर. निम्मी ठेवून घेतली. ते मला लागलं, पण म्हटलं, बघालच.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. चणा एका दमात भाजत नाहीत. पहिला शेक दिला की तो गरमागरम पोत्यावर ओतायचा आणि वरून दुसरं पोतं झाकून मुरत ठेवायचा. त्या कोंडलेल्या उष्णतेने तो आतपर्यंत शिजतो, मग दुसऱ्या शेकात फुलतो. न मुरवता भाजलेला चणा दाताखाली दगड. हे मी आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून करत आलोय. हात आपोआप पोत्याकडे जातो.

त्या दिवशी आच कमी ठेवली, छोटी कढई घेतली, जीव लावून हलवलं. रंग असा आला, पिकल्या खजुराचा, की मला वाटलं आता अम्मांना दाखवायलाच नेऊ. शपथेवर सांगतो, कढईतून काढली तेव्हा कॉफी चांगली होती. काढली, पोत्यावर ओतली, वर दुहेरी पोतं टाकलं, कडा दाबल्या. मुरू दे म्हटलं. पाखडायची नंतर. अम्मा पाखडतात ते सालपटं उडवायला, अशीच माझी समजूत. आणि गिऱ्हाइकं घ्यायला लागलो.

धूर पोत्यातून आला. उचललं तर खाली काळाभोर, तेलाने चकाकणारा ढीग, आणि मधले दाणे अजून आतून निखाऱ्यासारखे फुलत होते.

ते घेऊन मी अम्मांच्या दारात गेलो. जाताना वाटेत कारणं जुळवत होतो. त्यांनी एक दाणा हातात घेतला. तो मोडावा लागला नाही, बोटांतच चुरा झाला.

मी म्हणालो, "दाणा ओला होता, अम्मा."

"झाकलंस?"

"मुरायला."

"तम्मा, याच्या पोटात विस्तव असतो. कढईतून काढला तरी तो भाजतच राहतो. त्याला वारा द्यायचा, झाकायचं नाही."

एवढंच. आवाज चढला नाही. आत जाऊन त्यांनी डबा आणला आणि तो कोळसा त्यात भरून घेतला.

टाकून दिला असता तर बरं झालं असतं. त्यांनी टाकला नाही. वडिलांच्या झाडाचा दाणा, टाकणार कसा? रोज सकाळी दळायच्या, रोज त्याची कॉफी करायच्या, आणि दोघं नवरा-बायको प्यायची. भिंतीपलीकडून मला चक्कीचा आवाज ऐकू यायचा. यजमान ओट्यावर पेला घेऊन उभे राहायचे आणि मला बघून म्हणायचे, "मिलिटरीची कॉफी आहे हो. दोन पेले पिऊन माणूस लढाईवर जाईल." आमची बायको घरात बोलायची ते वेगळं. "झाकलीत ना फुटाण्यांसारखी? मग मीठ-हळद तरी लावायची होती."

चूक झाली हे शब्द काही माझ्या तोंडून निघेनात. मी दाणा ओला होता यावरच अडून बसलो. बायकोला सांगितलं, अम्मांना सांगितलं, भट्टीवर येणाऱ्यालाही सांगितलं. पण पाय स्वस्थ बसू देईनात. कच्ची कॉफी शोधायला कल्याणचा बाजार पालथा घातला. सगळीकडे डब्यातली पूड. मग ठाण्याला गेलो. तिथे एका दक्षिणेकडच्या माणसाच्या दुकानात कच्चा दाणा मिळाला, पाच शेर घेतला आणि खांद्यावर टाकून अम्मांपुढे ठेवला. त्यांनी मूठभर घेऊन वास घेतला, एक दाणा दाताखाली धरला.

"चांगली आहे," त्या म्हणाल्या. "कुणाच्या तरी बागेतली."

आणि पिशवी मला परत दिली.

महिन्या-दीड महिन्यात तो जळका डबा संपला. अम्मांचं उरलेलं निम्मं पोतडं आढ्याला टांगलेलं होतं. आमची बायको म्हणाली, मी हलवते, तुम्ही कान लावून सांगा. अम्मा नको म्हणाल्या. तिने पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाल्या, हात कुणाचाही चालेल गं, धीर होत नाही. एकदा सोडलं पोतडं आणि बिघडलं, की मग काहीच नाही. यजमान कचेरीतला चहा प्यायला लागले. अम्मा काहीच प्यायच्या नाहीत. सकाळी दारात नुसत्या बसायच्या. चक्कीचा आवाज बंद झाला, आणि तो बंद झालेला मला जास्त ऐकू यायला लागला.

तेव्हा मी ठाण्याच्या त्या दाण्याला हात घातला.

पहाटे भट्टी पेटवायच्या आधी घरात शेगडीवर मूठ-दोन मुठी दाणा भाजायचो. डोळे मिटून. पहिल्या दिवशी काहीच ऐकू आलं नाही. वर्षानुवर्षं भट्टीच्या घरघराटात बसलेला माणूस मी, माझे कान तुसाच्या जाळाने भरलेले. बायकोला म्हटलं बोलू नकोस, तर ती म्हणाली, श्वास घेऊ का? दुसऱ्या दिवशी तडतड ऐकू आली पण ती कधी थांबली ते कळलं नाही. झालेला दाणा पुरचुंडीत बांधून अम्मांकडे न्यायचो. मी दाणा ओला होता असं म्हणायचो नाही, आणि दुसरंही काही म्हणायचो नाही. पुरचुंडी पुढे करायचो. त्या एक दाणा चावायच्या.

"कच्ची."

दुसऱ्या दिवशी, "जळकी."

मग एकदा, "बाहेर झाली, आत नाही. घाई केलीस."

पंधरा दिवस असं चाललं. आणि एका सकाळी, खरं सांगतो, मला ऐकू यायला लागलं. पहिली तडतड विरल्यावर दाणे गप्प होतात. त्या गप्पपणाला लांबी आहे. त्यात ते पिकत असतात. आणि तो संपायच्या जरा आधी, दुसऱ्यांदा तडकायच्या आधी, सरसर आवाज हलका होतो. दाणा फुगलेला असतो, वजन गेलेलं असतं, कढईवर तो वेगळा वाजतो. इतकी वर्षं भाजतोय, आणि भाजलेला माल आपण होऊन सांगतो की आता काढ, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा चणेही सांगत असतील, मीच कधी ऐकलं नसेल.  मी कढई उचलली, बायकोने सूप धरलं, आणि आम्ही दोघांनी दोन सुपांनी असा वारा घातला की पापुद्रे देवांच्या फोटोंपर्यंत गेले.

पुरचुंडी नेली. अम्मांनी दाणा चावला.  दुसरा घेतला, तोही खाल्ला. मग उठून आत गेल्या, स्टूल ओढलं आणि आढ्याकडे बोट केलं.

"काढ ते खाली."

मी म्हणालो, "अम्मा, तुम्ही शेजारी बसा. वेळ झाली की सांगा."

"मी सांगणार नाही. तू ऐक."

मग माझ्या तोंडून निघालं, "दाणा ओला नव्हता, अम्मा. मीच झाकला."

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "हात धू. चण्याचा वास येतोय."

तिघांनी बसून दाणा निवडला. मी काळे-फुटके काढत होतो आणि या वेळी अम्मा माझ्या मागून काही काढत नव्हत्या. मग त्यांच्याच शेगडीवर, त्यांच्याच कढईत, अर्धा शेर. अम्मा उंबऱ्याशी माझ्याकडे पाठ करून बसल्या. मला त्यांची मान दिसत होती, आणि पहिली तडतड सुरू झाली तेव्हा ती मान जराशी वळलेली दिसली, तेवढंच. तडतड थांबली. मी डोळे मिटले. मनात आलं, आता चुकलो तर एका माणसाचं माहेर माझ्या हातून राख झालं. हात फिरायचा थांबला नाही. सरसर हलकी झाली. मी उचलली, ओतली, आणि वारा घातला तो हाताला दाणा थंड लागेपर्यंत.

त्या दिवशी कुणी प्यालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दळली, पाणी ओतलं आणि झाकणाला हात न लावता बसून राहिलो. यजमानांनी पेला घेतला, एक घोट प्यायले, आणि त्यांचा विनोद काही आला नाही. टोपी घालता घालता थांबले, अर्धा पेला आणखी मागून घेतला आणि कचेरीला उशीर केला.

अम्मांनी दोन्ही हातांत पेला धरला होता. किती वेळ नुसता वास घेत होत्या. मग प्यायल्या.

"किंचित जास्त झालीय," त्या म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या, "पण आमची आहे."

आणि त्या बोलायला लागल्या. इतकी वर्षं शेजारी राहून बागेबद्दल त्यांच्या तोंडून मी कधी चार वाक्यं ऐकली नव्हती. त्या सकाळी सांगितलं. फाल्गुन-चैत्रात एक वळीव पडतो, म्हणाल्या, आणि वडील अंगणात येऊन दिवस मोजायला लागतात. आठव्या-नवव्या दिवशी उठून बघावं तर अख्खा डोंगर पांढरा. आदल्या दिवशी हिरवा असलेला डोंगर. फांदीफांदीला फूल, जाईसारखं, आणि वास एवढा की गुरं चरायची थांबतात. तीन दिवस राहतं आणि जातं. त्या लहान असताना वडील त्यांना खांद्यावर घेऊन त्यातून चालायचे आणि बोलायचे नाहीत.

मी उभ्या आयुष्यात कल्याणपुढच्या खडवलीच्या पलीकडे गेलेलो नव्हतो. पेला हातात घेऊन ऐकत होतो. त्या काळ्या पेयातून पांढरा डोंगर निघतो, हे मी ऐकलं नसतं तर मानलं नसतं. आमची बायको पदर तोंडाशी धरून बसलेली, एक टोमणा नाही. अम्मा मधेच थांबायच्या, एक घोट घ्यायच्या आणि पुढचं आठवायच्या. वडिलांची काठी, ओल्या फळाचा लाल रंग, अंगणात वाळत घातलेला दाणा आणि त्यावर फिरणारे लहान मुलांचे पाय.

उरलेलं पोतडं त्यांनी मला भट्टीवर न्यायला दिलं नाही. दर पंधरवड्याला बोलवायच्या आणि मी त्यांच्या शेगडीपाशी जाऊन अर्धा शेर भाजायचो.

पण अम्मांची बाग ऐकली त्या सकाळी मी भट्टीवर गेलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं, जाळ घातलेला नव्हता, आणि कुरमुऱ्यांचं गिऱ्हाईक फळीवर हात आपटत उभं होतं. मी त्याला म्हणालो, थांब जरा, ओरडू नकोस, आज मला चणे ऐकायचेत.